गिअरबॉक्स उतरवण्याआधी ऐकून घेणारे मिस्त्री : मलकापूर (कराड) येथील गॅरेजचा अनुभव

कराडहून कोल्हापूरच्या दिशेने निघालं की मलकापूर संपता संपता सर्व्हिस रोडच्या कडेला जुन्या टाटा गाड्यांची रांग दिसते. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये फक्त गिअरबॉक्स, क्लच आणि हाऊसिंगचं (म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या डिफरन्शियलचं) काम करणारे एक मिस्त्री आहेत. बोर्डावर कुणाचं नाव नाही, कामाचे तीन शब्द रंगवलेत तेवढेच. नाव आणि नंबर नेटवर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, कारण आहे त्या गाड्यांनाच जागा पुरत नाही. म्हणून पत्ता एवढाच देते. शोधणाऱ्याला तो पुरतो, हायवेवरच्या कुठल्याही चहावाल्याला विचारा.

आमची गाडी टाटा १६१३, सहा टायरची, नाकवाली, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे असलेली. नव्या पिढीला सांगायला हवं की या नंबरातच गाडीची कुंडली आहे : १६ म्हणजे मालासकट एकूण वजन १६ टन, १३ म्हणजे इंजिन १३० हॉर्सपॉवरच्या घरातलं. गाडी वडिलांनी घेतलेली, आता हिशेब आणि भाड्यांचं मी बघते. चालवतात ते आमचे ड्रायव्हर मामा, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडेच आहेत. कराडहून साखर नाहीतर भाजीपाला घेऊन चिपळूणला उतरायचं आणि येताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाणींवरून चिरा (बांधकामाचा लाल जांभा दगड) भरून कुंभार्ली घाट चढायचा, असं गाडीचं बाराही महिने चालतं. पोफळीपासून हेळवाकपर्यंत भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ओढत आणायची म्हणजे बॉक्सची परीक्षाच असते.

तक्रारी दोन होत्या. पहिली, गिअरचा दांडा ढिला झालेला. न्यूट्रलला असताना जात्याच्या ढिल्या खुंट्यासारखा चारी बाजूंना हलायचा. पहिला आणि रिव्हर्स यांची फट सापडायची नाही, तिसरा घालताना मामांना हात लांब नेऊन दांडा चाचपडत बसवावा लागायचा. घाटात वळणावर गिअर सापडला नाही तर काय होतं हे ज्यांनी भरलेली गाडी चढवली आहे त्यांना माहीत आहे. दुसरी, बॉक्समधून गुरगुर. आधी बारीक होती, पावसाळ्यानंतर इतकी वाढली की केबिनमध्ये बसून फोनवर बोलणं जमेना.

या गॅरेजच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथल्या माणसाने दांडा दोनदा हलवला, इंजिन चालू केलं आणि बॉनेट बंद व्हायच्या आत निकाल दिला : बॉक्स संपला, तयार करून ठेवलेला बॉक्स बसवू, पंचेचाळीस हजार, जुना बॉक्स त्याच्याकडे जमा. तोपर्यंत आवाज दबावा म्हणून त्याने बॉक्समधलं ऑइल काढून हाऊसिंगचं १४० नंबरचं जाड ऑइल भरून दिलं. आवाज खरंच कमी झाला. पण सकाळी गार गाडीत गिअर पडेना, पहिला घालायला मामांना दोन्ही हात लावावे लागले. पंचेचाळीस हजार आमच्यासारख्यांना थोडे नाहीत, शिवाय नेमकं बिघडलंय काय याचं उत्तर तिथे मिळालंच नाही. मामाच म्हणाले, "ताई, मलकापूरच्या मिस्त्रीला एकदा ऐकवू या."

ऐकवू या हा शब्द त्यांनी बरोबर वापरला. मिस्त्रींनी गाडी पिटावर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) घेतलीच नाही. आधी मामांना शेजारी बसवून प्रश्न विचारले. आवाज कधीपासून, पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी गेली का, आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर, गिअर आपोआप सुटतो का, सुटत असेल तर कुठला, चढाला सुटतो की उताराला. मामा उत्तर देत होते, मिस्त्री मान हलवत होते, मध्येच मला म्हणाले, "ताई, दांडा आणि आवाज ही दोन दुखणी हाईत. एकाच बिलात घालू नका. खोलायचं काय, कवाबी खोलता येतंय."

मला सगळ्यात पटलं ते हे. दांडा ढिला आणि बॉक्स आवाज करतो, या दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या की माणूस त्यांची बेरीज करून बॉक्स गेला म्हणून मोकळा होतो. बहुतेक वेळा दांड्याचा ढिलेपणा बॉक्सच्या वरच्या भागात असतो, गिअर आणि शाफ्टचा त्याच्याशी संबंध नसतो. रोग हेल्याला आणि इंजेक्शन पखालीला असं या धंद्यात रोज चालतं, आणि पैसे गाडीमालकाचे जातात.

मग त्यांनी गाडी जागेवर उभी ठेवून परीक्षा घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू, क्लचवरून पाय काढलेला. गुरगुर चालू. क्लच पूर्ण दाबला, गुरगुर हळूहळू बसत गेली आणि थांबली. पाय काढला, परत सुरू. एवढ्यावरून त्यांनी क्लचची रिलीज बेअरिंग बाजूला काढली. ती गेलेली असती तर उलट झालं असतं, क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, कारण दाब तेव्हाच तिच्यावर येतो. क्लच दाबला की इंजिन आणि बॉक्स यांचा संबंध तुटतो आणि बॉक्समधले शाफ्ट फिरायचे थांबतात. आवाज त्यांच्याबरोबर थांबला, म्हणजे तो बॉक्सच्या आतला.

पुढची परीक्षा क्लचची. क्लच दाबून धरायला लावला, तीन-चार सेकंद थांबले आणि मग रिव्हर्स टाकला. या बॉक्सला रिव्हर्सवर सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारी रिंग) नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत नसेल तर रिव्हर्स खर्रकन ओरडतो. ओरडला नाही. म्हणजे गिअर पडताना जो त्रास होता तो क्लचमुळे नव्हता. हे तपासायला पैसा लागत नाही, पाना लागत नाही, तरी कित्येक गाड्यांचे सिंक्रो बदलले जातात आणि दोष क्लचच्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये निघतो.

मग ट्रायल. मामा चालवत होते, मी मध्ये आणि मिस्त्री खिडकीशी. गाडीत मुद्दाम माल ठेवूनच आणायला सांगितलं होतं, कारण रिकाम्या गाडीत बॉक्सवर जोर येत नाही आणि दुखणं लपतं. दुसऱ्यात आवाज मोठा, तिसऱ्यात मोठा, चौथ्यात थोडा उतरला. पाचव्यात टाकला आणि केबिन एकदम शांत झाली. अगदी मुकी नाही, पण इतकी की समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. मिस्त्रींनी परत चौथा टाकायला लावला, परत गुरगुर. परत पाचवा, परत शांत. मग सपाट मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात काही सेकंद न्यूट्रल करायला लावलं, बॉक्सकडून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि हाऊसिंग यांचा आवाज वेगळा काढायला. त्या मागच्या भागांचा आवाज गाडी धावतेय तोवर येत राहतो, बॉक्स कुठल्याही गिअरमध्ये असो. तिकडून काहीच नव्हतं.

पाचव्यात आवाज का जातो हे त्यांनी मला परत येताना समजावलं, आणि ते इथे लिहिते, कारण ज्याची गाडी आहे त्याला हे कळायलाच हवं. या बॉक्समध्ये इंजिनाकडून येणारा क्लच शाफ्ट आणि मागे जाणारा मेन शाफ्ट एका रेषेत असतात. खाली त्यांना समांतर काउंटर शाफ्ट. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत ताकद वरून खाली काउंटरवर उतरते आणि तिथून परत वर मेन शाफ्टवर चढते. पाचवा म्हणजे डायरेक्ट, वरचे दोन्ही शाफ्ट एकमेकांत अडकतात आणि ताकद सरळ मागे जाते. काउंटर तेव्हाही फिरत असतो, पण मोकळा, अंगावर ओझं नाही. म्हणून खालच्या सगळ्या गिअरात ओरडणारा आणि पाचव्यात गप्प बसणारा बॉक्स पहिला संशय काउंटरच्या बेअरिंगवर घ्यायला सांगतो. आवाज एकाच गिअरात असता तर त्या गिअरचे दात नाहीतर त्याची निडल बेअरिंग बघितली असती. ज्या गाड्यांत चौथा डायरेक्ट आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह असतो तिथे हीच परीक्षा चौथ्यावर घ्यायची. नंबर लक्षात ठेवून उपयोग नाही, आपल्या बॉक्समध्ये डायरेक्ट कुठला ते माहीत पाहिजे.

क्लच शाफ्टच्या बेअरिंगचाही आवाज पाचव्यात थोडा कमी होतो, त्यामुळे शंभर टक्के खात्री ट्रायलवरून होत नाही असं ते स्वतः म्हणाले. म्हणून गॅरेजला आल्यावर चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावले, इंजिन न्यूट्रलला चालू ठेवलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली शिरले. टोक बॉक्सच्या अंगावर, मूठ कानाच्या हाडाला. आधी वर पुढे, मग वर मागे, मग खाली पुढे. तिथे थांबले. मलाही ऐकायला लावलं. वरच्या दोन्ही ठिकाणी एकसारखी घरघर येते आणि खाली पुढच्या बाजूला मूठ टेकवली की त्या घरघरीत खडे सापडल्यासारखा वेगळा खरखरीत सूर येतो. एकदा ऐकला की परत चुकत नाही. ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांनी ओढणी, गळ्यातलं, मोकळी बाही सांभाळा, फिरत्या शाफ्टजवळ जाऊ नका आणि हँडब्रेकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

आता दांडा. इंजिन बंद करून त्यांनी दांडा हलवून बघितला, मग इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबत-सोडत दांड्याकडे नजर ठेवली. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन-बॉक्स ज्यावर बसतात ते रबर गेले असतील तर इंजिन-बॉक्स दोन्ही डोलतात आणि दांडा त्यांच्याबरोबर पुढे-मागे झुकतो. तसं होत नव्हतं. बंद गाडीत जेवढा ढिला तेवढाच चालू गाडीत. म्हणजे दोष दांड्याच्या बैठकीत. आमच्या या नाकवाल्या गाडीत दांडा सरळ बॉक्सच्या टॉपवर बसतो, मध्ये रॉड किंवा केबल नाही, त्यामुळे बघायला सोपं. केबिन उचलणाऱ्या गाड्यांत मधल्या लिंकेजचे बुश आणि बॉल जॉइंट आधी बघावे लागतात, ढिलेपणा तिथेच जास्त सापडतो असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी दांड्याचा रबर वर सरकवला. रबर खालच्या कडेने फाटलेला होता, वरून दिसत नव्हतं. क्लिप काढली, स्प्रिंग दाबून दांडा वर उचलला. दांड्याच्या मध्यावर गोल गोटी असते, ती खाली वाटीत बसते आणि वरून स्प्रिंग तिला दाबून धरते. वाटी तडकलेली होती, स्प्रिंगचा जोर गेला होता. आणि वाटीत ग्रीसच्या जागी लाल राडा होता. मिस्त्रींनी बोटावर घेऊन चोळला, कचकच लागली. चिऱ्याची धूळ. आमची गाडी जिथे भरते तिथे सगळं लाल असतं, सीटपासून मामांच्या डब्यापर्यंत. तीच धूळ फाटक्या रबरातून आत जाऊन ग्रीसमध्ये मिसळली आणि गोटीला पॉलिश पेपर लावल्यागत घासत बसली. गोटीची एक बाजू चपटी झालेली हाताला कळत होती. दांड्याचं खालचं टोक, जे सिलेक्टरच्या खाचेत बसून गिअर ओढतं, तेही दोन्ही अंगांनी झिजलेलं.

इथे त्यांनी आपलंच वाक्य दुरुस्त केलं. मला म्हणाले, "दुखणी दोन, पण दार एकच दिसतंय." मग ड्रेन प्लग खोलला. ऑइल मातकट पांढरट निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. पाणी आणि धूळ त्याच फाटक्या रबराच्या वाटेने आत उतरली असणार, शिवाय गाडी धुताना खालून प्रेशरचं पाणी मारलं जातं तेही असेल. ड्रेन प्लगला चुंबक असतं. त्यावर काळसर मऊ गाळ बसलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, ती नेहमीची झीज. आमच्या प्लगवर गाळात चमकणारे बारीक पापुद्रे होते. ते कडक पोलादाचे, बेअरिंगच्या अंगावरचे. ऑइल त्यांनी उन्हात धरून पितळेचे पिवळे कण शोधले, कारण ते सिंक्रोच्या रिंगचे असतात. पिवळं काही नव्हतं. तेव्हा कुठे म्हणाले, आता बॉक्स उतरवू.

उतरवल्यावर काउंटरची पुढची बेअरिंग त्यांनी डिझेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिली. रोलरच्या वाटेवर एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते आणि एका ठिकाणी नखाएवढा तुकडा सोलून गेला होता. हातात धरून सावकाश फिरवली तर तीच खरखर, जी स्क्रू ड्रायव्हरमधून ऐकली होती. आपण ज्याचे पैसे देतो ती खराब वस्तू हातात घेऊन बघता येणं ही साधी गोष्ट आहे, पण मला आजवर कुणी दिली नव्हती. जुन्या बेअरिंग, वाटी, स्प्रिंग, सगळं त्यांनी पिशवीत घालून परत दिलं.

बॉक्स खाली आलाच आहे म्हणून उगाच भाग वाढवले नाहीत. सिंक्रोच्या रिंगा कोनावर हाताने दाबून मधली फट फीलर गेजने मोजली, चांगल्या होत्या त्या परत घातल्या. गिअर सरकवणारे फोर्क बघितले, ठीक. क्लच प्लेटच्या रिबिटा अजून खोल होत्या, म्हणजे अस्तर शिल्लक होतं, प्लेट ठेवली. बदललं ते : काउंटरच्या दोन्ही बेअरिंग, क्लच शाफ्टची बेअरिंग, फ्लायव्हीलमधली छोटी पायलट बेअरिंग, सगळे सील आणि पॅकिंग, नवा दांडा, वाटी, स्प्रिंग, रबर. झिजलेलं टोक वेल्डिंगने भरून घासून देता येतं आणि स्वस्तही पडतं, पण भरलेलं टोक खाचेपेक्षा कडक झालं तर पुढे खाच खातं, म्हणून नवा दांडा घ्या असा त्यांनी सल्ला दिला. मला तो पटला. दांडा सगळ्या बॉक्सच्या मानाने स्वस्त भाग आहे.

सामान त्यांनी मलाच आणायला लावलं. चिठ्ठीवर नंबर लिहून दिले, दुकान कुठलं ते सांगितलं नाही. बेअरिंग पॅकिंग फोडून आणू नका एवढीच अट. बाजारात डुप्लिकेट बेअरिंग हुबेहूब खोक्यात मिळतात, ही काही गुपित गोष्ट नाही, एसकेएफ या बेअरिंग कंपनीने तर खोक्याचे फोटो पाठवून खातरजमा करायला मोबाइल अ‍ॅपच काढलंय. मी आणलेलं खोकं मिस्त्रींनी माझ्यासमोर फोडलं, बेअरिंगवरचा कोरलेला नंबर चिठ्ठीशी ताडला आणि मगच बसवायला घेतली.

बसवताना एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये बघितलेली नाही. त्यांच्याकडे डायल गेज आहे, चुंबकाच्या स्टँडवरचं. शाफ्ट पुढे-मागे किती सरकतो ते त्यावर मोजलं, शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) बदलला, परत मोजलं, मनासारखं येईपर्यंत. हाताला बरं वाटतंय एवढ्यावर सोडलं नाही. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जाते, सैल ठेवलं तर दातांची बैठक हलते आणि आवाज परत येतो. पुतण्या मदतीला असतो, त्यालाही ते आकडा मोठ्याने वाचायला लावतात. पोरगं शिकतंय हे बघून बरं वाटलं.

ऑइलबद्दल त्यांचं मत ठाम आहे आणि मामांच्या अनुभवाशी जुळतं. बॉक्सला ८०डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं. मागच्या हाऊसिंगला जाड ऑइल, जीएल-५. हाऊसिंगचं ऑइल बॉक्समध्ये भरलं की दोन गोष्टी होतात : गारठ्यात सिंक्रोची रिंग जाड ऑइल कापू शकत नाही म्हणून गिअर अडतो, आणि जीएल-५ मधली जास्तीची रसायनं पितळेला मानवतीलच असं नाही. शिवाय जाड ऑइलने आवाज दबतो, बेअरिंग मात्र आत सोलतच राहते. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ट्रायल घेताना बॉक्स फार शांत आणि गिअर मात्र जड लागला, तर लेव्हल प्लग खोलून बोटावर ऑइल बघून घ्या.

निकाल सांगते. दांडा आता दोन बोटांनी पडतो, पहिला आणि रिव्हर्स यांची गल्लत होत नाही. न्यूट्रलची गुरगुर गेली. तिसऱ्या-चौथ्यात नेहमीचा बॉक्सचा आवाज तेवढा. दुसऱ्यात भरलेल्या गाडीला बारीक सूर अजून येतो, आणि येणार हे मिस्त्रींनी बॉक्स बंद करायच्या आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या गिअरच्या दातांवर थोडे डाग पडलेत. गिअर जोडीने बदलावा लागतो, एकच नवा घातला तर जुन्याशी त्याची बैठक जमत नाही आणि आवाज वाढतो. जोडीची किंमत ऐकून मी थांबायचं ठरवलं. तोडायचा धोका सध्या नाही, ऑइल वेळेवर बदला आणि चुंबक बघत जा, असं ते म्हणाले. घाट चढताना तो सूर मी मुद्दाम ऐकते. वाढलेला नाही.

खर्च : सामान साडेदहा हजारांच्या आसपास, मजुरी सहा हजार, ऑइल वेगळं. पहिल्या ठिकाणच्या पंचेचाळीस हजारांशी तुलना ज्याची त्याने करावी. ट्रायल आणि तपासणीचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. खरं तर घ्यायला हवेत. बॉक्स खोलायचा नाही असं सांगून ते अनेकांना परत पाठवतात, त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. मी आग्रह केला तर हसले फक्त.

उणं काय तेही लिहिते, कारण नुसत्या कौतुकावर कुणी गाडी घेऊन जाऊ नये. शेड लहान आहे, जोराच्या पावसात बॉक्स उघडा ठेवता येत नाही म्हणून काम लांबतं. फोन उचलत नाहीत. दिलेली तारीख पुढे जाते, आमचीही गेली, आणि गाडी उभी राहिली की हप्ता थांबत नाही. मजुरीचं बिल साध्या कागदावर मिळतं, ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांची अडचण होईल. गॅरंटी तोंडी. बीएस-६ च्या (नव्या प्रदूषण नियमांच्या) केबलच्या, सेन्सरच्या गाड्या घेत नाहीत, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतात. बायकांना बसायला जागा नाही, मी शेजारच्या चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्या काकूंनी माझ्यासाठी पंखा फिरवून दिला हा भाग वेगळा.

आणि ओव्हरलोड गाडी बघितली की ते बोलतात, सगळ्यांसमोर बोलतात. काहींना ते लागतं. २०१८ साली केंद्राने दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर नेली, तेव्हापासून जुन्या गाड्यांचे मालकही तोच आकडा धरून भरतात, असं त्यांचं गाऱ्हाणं आहे. कागद बदलला तरी जुन्या गाडीचा शाफ्ट तोच, बेअरिंग तीच. चिरा ओला असला की वजन किती वाढतं याचा हिशेब खाणीवर कुणी करत नाही. आम्ही त्यानंतर दोन थर कमी भरतो. भाडं थोडं घटतं. मामा म्हणतात गाडी घाटात श्वास घेते.

जाणार असाल तर गाडी मालासकट न्या, निदान अर्धी भरलेली. जो रोज चालवतो त्या ड्रायव्हरलाच पाठवा, मालकाने ऐकीव तक्रार सांगून भागत नाही. मिस्त्री पहिला प्रश्न त्यालाच विचारतात. जाण्याआधी ऑइल बदलून किंवा बॉक्स धुऊन नेऊ नका, त्यांना बघायचं असतं ते त्या घाणीतच असतं. सकाळी नऊच्या आधी पोचलात तर ट्रायलला लगेच येतात, दुपारनंतर पिटावरचं काम सोडून उठत नाहीत. अमावास्येला गॅरेज बंद असतं, कॅलेंडर बघून निघा.